सासूबाई, मी आणि फुकटचा समुद्र

मी पडदे लावतो. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायच्या, कापड बेतायचं, शिवायचं, दांड्या ठोकायच्या आणि शेवटी पडदा सरकवून दाखवायचा, असा माझा धंदा. सरकवताना मी मान जराशी तिरकी करतो, मोठा चित्रकार असल्यासारखी. बायकोला ती लकब आवडत नाही. सासूबाईंना माझ्यातलं काहीच आवडत नाही, त्यामुळे त्यांनी या लकबीबद्दल वेगळी तक्रार कधी केली नाही.

सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. मधली खोली त्यांना दिली. तिची खिडकी इमारतीच्या पोटात उघडते. समोर भिंत आणि भिंतीवरून उतरणारे सांडपाण्याचे नळ. सासूबाई त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. त्यांची सगळी नोकरीच टेलिफोनच्या ऑफिसात, तळघरात झाली होती. कानाला हेडफोन लावून या गावाचा फोन त्या गावाला जोडून द्यायचा आणि तीन मिनिटं झाली की तसं सांगायचं. मशीनं आली, ऑपरेटर घरी गेले, पण सासूबाईंची ड्युटी काही संपली नाही. घरातला फोन त्या अजून "बोला" एवढंच म्हणून उचलतात. आणि मी जेवताना एखादी गोष्ट रंगवून सांगायला लागलो की भाताचा घास घेता घेता म्हणतात, "जावईबापू, तुमची तीन मिनिटं संपली."

तर एकदा एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मी पडदे लावत होतो. डॉक्टर सुट्टीवरून आलेले, नाक सोललेलं, चेहरा खूश. म्हणाले, "समुद्रावर होतो. अगदी टोकाला. तंबू ठोकायचा आणि राहायचं. पैसे नाहीत, पावती नाही, कुणी विचारत नाही."

"फुकट?" मी शिडीवरूनच विचारलं.

"फुकट. पण तिथे काहीही नाही हं. नळ नाही, दिवा नाही, संडास नाही. सगळं घेऊन जायचं, सगळं घेऊन यायचं. तीन रात्री झाल्या की उठायचं."

फुकट हा शब्द ऐकला की मला पुढचं नीट ऐकू येत नाही. तंबूसुद्धा डॉक्टरांनी वापरायला दिला. घरी येईपर्यंत मी मनाने वाळूवर पाय पसरून बसलो होतो. खरं कारण निराळंच होतं, ते मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. संडास नाही, नळ नाही म्हटल्यावर सासूबाई येणार नाहीत. त्या मेहुण्याकडे जातील आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आम्ही नवराबायको एकदाचे निवांत बोलू, असा माझा डाव होता. बोलायचं काय, ते ठरलं नव्हतं.

जेवताना मी मुद्दाम गैरसोयींची यादी वाचल्यासारखी वाचली. वाळू असेल, वारा असेल, जमिनीवर झोपायला लागेल.

"मीही येते," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तिथे संडास नाही."

"इथे तरी कुठे आहे? सकाळी तासभर तुम्हीच आत असता."

बायको ताटात बघून हसली. डाव तिथेच मोडला.

शुक्रवारी निघालो. गाडी जुनी, त्यात पाण्याचे कॅन, तंबू, स्टोव्ह, बटाटे, अंडी, पाव आणि मागच्या सीटवर सासूबाई, त्यांची आरामखुर्ची टपावर. शेवटचं गाव मागे पडलं, रस्ता संपला, आणि समोर वाळू सुरू झाली. वाळूवरून गाडी न्यायची तर टायरमधली हवा थोडी कमी करावी, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. पण माणसाला स्वतःचं डोकं म्हणून काही असतं. मी हवा पूर्ण ठेवली आणि गाडी जोरात घातली. ती थोडी गेली, मग रुसून बसल्यासारखी जागच्या जागी रुतली. मी आणखी जोर दिला. चाकं गरगर फिरली आणि गाडी बुडापर्यंत खाली गेली.

मग मी खोरं घेऊन घाम निथळेपर्यंत वाळू उपसली. जेवढी काढीन तेवढी बाजूची परत आत येत होती. सासूबाईंनी आपली खुर्ची खाली काढून घेतली आणि सावलीत मांडली. शेवटी बायकोने टायरमधली हवा सोडली, मला ढकलायला मागे उभं केलं आणि हळूच गाडी काढली. मी ढकलायच्या आधीच ती निघाली, त्यामुळे मी तोंडावर पडलो. तोंडात गेलेली वाळू रविवारपर्यंत दातात लागत होती.

किनारा मात्र असा होता की पाहतच राहावं. लांबच लांब, मोकळा, आणि माणूस दिसलाच तर मुंगीएवढा. आम्ही भरतीच्या खुणेच्या बरंच वर जागा धरली. तंबूची वेळ आली तेव्हा मी बाह्या सरसावल्या. कापड आणि दांडी यांतच माझा जन्म गेला. "तुम्ही बसा," मी दोघींना म्हणालो, "हे माझं काम."

तंबू उभा राहिलासुद्धा. मी दोन पावलं मागे सरून बघितलं. तेवढ्यात वारा आला. वाळूत ठोकलेल्या खुंट्या लोण्यातून सुरी निघावी तशा निघाल्या आणि तंबू तिरका होऊन चालायला लागला. आधी चालला, मग पळाला. मी त्याच्यामागे. तो थांबे, मी जवळ जाई, हात घाली, की परत पळे. एकदा तर मी त्याला मिठीच मारली, तर त्याने मला चार पावलं ओढत नेलं. तेव्हा मागून एक आवाज आला. आधी मला वाटलं, कुणाला ठसका लागला. वळून बघितलं तर सासूबाई हसत होत्या. खुर्चीचे हात धरून, डोळे मिटून, सगळ्या अंगाने. आमच्या घरी राहायला आल्यापासून त्यांचं हसणं मी ऐकलं नव्हतं. त्या अशाने हसतात हे मला आधी कळलं असतं, तर मी घरातच तंबू लावला असता.

बायकोने उशांचे अभ्रे काढले, त्यांत वाळू भरली, दोऱ्यांना बांधून ते पुरले. तंबू बसला तो बसलाच. मी मान डोलावून म्हणालो, "हेच मी करणार होतो."

आता राहिला तो संडास. इथे मात्र मी माझी कला पणाला लावली. एका टेकाडाच्या कडेला खड्डा खणला, चार बांबू रोवले आणि एका गिऱ्हाइकाच्या उरलेल्या फुलाफुलांच्या कापडाचा पडदा लावला, सरकत्या कड्यांसकट. समुद्राकडची बाजू उघडी ठेवली. एवढी देखणी सोय त्या किनाऱ्याने पाहिली नसेल. सासूबाई पहिल्यांदा जाऊन आल्या. मी आशेने बघत होतो.

"कसं काय आहे, आई?"

"खाली दोन बोटं आखूड आहे," त्या म्हणाल्या. "पण समोरचं चांगलं आहे."

समोरचं म्हणजे समुद्र. त्यात माझं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या सारख्या कान देऊन बसलेल्या दिसल्या. मान एका बाजूला, डोळे पाण्यावर नाहीत तर कुठेच नाहीत. बायकोने चहा दिला आणि विचारलं, "आई, काय ऐकतेस?"

"खरखर," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आम्हाला जे सांगितलं, ते बायकोनेही कधी ऐकलं नव्हतं.

रोज सकाळी ड्युटीवर आल्यावर प्रत्येक गावची लाइन तपासायची असे. तिकडची ऑपरेटर आणि इकडच्या सासूबाई. "ऐकू येतंय?" "येतंय." झालं. नावं विचारायची नाहीत, जास्त बोलायचं नाही, असा नियम. किनाऱ्यावरच्या एका गावची लाइन मात्र नेहमी खराब. कढईत काहीतरी तळत असल्यासारखी सारखी खरखर. सासूबाई तेव्हा तरुण आणि कामाला कडक. त्या म्हणाल्या, "तुमच्या लाइनमध्ये खरखर आहे. मी तक्रार नोंदवते."

तर पलीकडची म्हणाली, "अहो, खरखर नाही ती. समुद्र आहे. खिडकी उघडी आहे माझी. थांबा, ऐकवते." आणि तिने म्हणे फोनचं बोलायचं तोंड खिडकीशी धरलं.

"मग?" बायकोने विचारलं.

"मग काय. रोज ऐकवायची. कधी म्हणायची, आज भरती आहे. कधी म्हणायची, आज शांत आहे. खालच्या खोलीत बसून मी रोज सकाळी समुद्र ऐकला. तुझ्या बाबांना किती वेळा म्हटलं, एकदा जाऊ. त्यांना वाळू सहन व्हायची नाही."

"आणि ती बाई?" मी विचारलं.

"एक दिवस लाइन जोडली तर नुसती टूं. मशीन बसलं होतं. येईन कधीतरी म्हणून सांगितलं होतं मी तिला."

अशा वेळी माणसाने गप्प बसावं. मी म्हणालो, "म्हणजे एवढा समुद्र तुम्ही सरकारी खर्चाने ऐकलात. फुकटच की." बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून भांडी घासायला गेलो. खाऱ्या पाण्याने आणि वाळूने भांडी छान निघतात, एवढं मात्र मला त्या दिवशी कळलं.

तिसरी रात्र झाली, सकाळी मी आवराआवर काढली. सासूबाई खुर्चीतून उठेनात.

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या. "मी राहते."

"आई, तीन रात्री झाल्या."

"तुमच्या झाल्या. मी परवा तुमच्या घोरण्यामुळे गाडीत झोपले होते. किनाऱ्यावर माझ्या दोनच झाल्यात."

तेवढ्यात किनाऱ्यावरचा रखवालदार सायकल हातात धरून आला. मला हायसं वाटलं; वाटलं, आता कायदा माझ्या बाजूने बोलेल. सासूबाईंनी त्याला आपला हिशेब सांगितला. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. एवढ्या वर्षांत गाडीत झोपलेल्या रात्रीचा प्रश्न त्याच्यापुढे आला नव्हता. शेवटी म्हणाला, "आजी, असं करा. खाडीच्या पलीकडे दुसरा किनारा आहे. तिथली चौकी वेगळी. तिथे नव्याने मोजतात."

"वाटेत गाव लागतं?"

"लागतं ना." त्याने नाव सांगितलं, आणि सासूबाई आपण होऊन खुर्चीतून उठल्या. "तिथे टेलिफोनचं ऑफिस होतं," त्या म्हणाल्या.

"जुनं ना? इमारत आहे अजून. आता फर्निचरचं दुकान आहे तिथे."

तो सोमवार होता आणि दुपारनंतर माझी दोन गिऱ्हाइकं होती. मी तसं बोललोही. पण गाडी बायकोच्या हातात होती, आणि वाळूतून बाहेर काढल्यापासून ती तिच्याच हातात राहिली होती.

गाव लहानच. दुकानाचा मालक जाड काचांचा चष्मा लावलेला, बोलायला मोकळा. सासूबाईंनी विचारलं तसा तो आम्हाला जिन्यावरून वर घेऊन गेला. "ऑपरेटर बाया इथे बसायच्या म्हणे. आता गोडाऊन आहे." गाद्या उभ्या रचलेल्या होत्या. भिंतीवर हेडफोन अडकवायच्या खुंट्यांची रांग अजून होती. सासूबाईंनी एका खुंटीला बोट लावलं. मग त्या गाद्यांमधून वाट काढत खिडकीपाशी गेल्या. मी पुढे होऊन ती उघडून दिली. बिजागऱ्या कुरकुरल्या.

बाहेर लाकडाची वखार होती. वखारीमागे टेकडी. टेकडीवर झाडं.

"समुद्र कुठे आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"समुद्र? तो टेकडीच्या पलीकडे," मालक म्हणाला. "गाडीने जावं लागतं."

"आवाज येत असेल. पूर्वी येत असेल."

"नाही हो. माझा जन्म इथलाच. ही वखार माझ्या आजोबांची. इथून समुद्र ना कधी दिसला, ना ऐकू आला."

सासूबाईंना धरावं का, खुर्ची आणावी का, मला काही सुचेना. घाबरलो की माझे हात आपोआप काम करतात. मी खिशातला टेप काढला आणि खिडकी मोजायला लागलो.

सासूबाई त्या वखारीकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "लाइनच खराब होती." आणि एकदम, "मेली! तक्रार नोंदवू नये म्हणून! इतकी वर्षं भरती-ओहोटी सांगत बसली!" आणि त्या हसायला लागल्या. तंबूच्या वेळेपेक्षा जास्त. गादीवर बसल्या, डोळ्याला पदर लावला, परत हसल्या. हे हसणं आहे की दुसरं काही, ते बायको वाकून बघत होती. मालकही हसायला लागला. का ते त्याला कळलं नसावं.

उतरताना सासूबाई मला म्हणाल्या, "मोजलीत ना खिडकी? मग एक पडदा लावून द्या यांना. जाड लावा."

त्या बाईबद्दल मालकाला काही सांगता आलं नाही. तेव्हाच्या सगळ्या बाया बदलून कुठे कुठे गेल्या, एवढंच त्याला माहीत होतं.

खाडीपलीकडच्या किनाऱ्यावर आम्ही दुपारी पोचलो. तंबू बायकोने लावला. मला तिने दोरी धरायला दिली होती. मी ती चोख धरली. संध्याकाळी बायको पाय मोकळे करायला गेली आणि सासूबाई आणि मी असे दोघंच उरलो. माझ्या मनात आलं, आता तरी नीट बोलावं.

"आई, राग आला का हो तिचा?"

"राग कसला?" त्या म्हणाल्या. "मी तरी तिला काय खरं सांगत होते? तिने विचारलं, तुमच्या खिडकीबाहेर काय आहे? मी म्हटलं, बाग."

"तळघरात?"

"तळघरात म्हणून सांगू काय! बाग आहे, पाखरं आहेत. ती म्हणाली, ऐकवा. मग मी शीळ घालायची."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. सासूबाई, ज्यांनी मेहुण्याच्या मुलाला जेवताना गुणगुणला म्हणून पानावरून उठवलं होतं, त्या रोज सकाळी ड्युटीवर शीळ घालत होत्या!

"दोन तऱ्हेच्या," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यात वेगळं पाखरू. एकदा साहेब मागे येऊन उभे राहिले. मी सांगितलं, लाइन तपासतेय."

"आता घाला की."

"आता कवळी आहे."

पण त्यांनी इकडेतिकडे बघितलं, ओठ जुळवले आणि फुंकलं. नुसता वारा आला. परत फुंकलं, परत वारा. मी म्हणालो, "असं करा," आणि मोठ्या ऐटीत ओठांचा चंबू केला. माझ्या तोंडून जे निघालं ते पाखरू नव्हतं, आणि काय होतं ते मी सांगणार नाही. सासूबाईंनी पदराने गाल पुसला. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "बोलायचं तोंड तरी लांब धरावं माणसाने."

सोमवारची दोन्ही गिऱ्हाइकं मला खूप बोलली. एक तर तुटलंच. फर्निचरवाल्याचा पडदा मी पुढच्या महिन्यात नेऊन लावला, आणि सासूबाई बरोबर आल्या, जाड आहे ना ते बघायला. तिथूनच किनाऱ्यावर गेलो.

तेव्हापासून आम्ही जात असतो. बायकोची कंबर जमिनीवर झोपून धरते, म्हणून बरेचदा आम्ही दोघंच. ती घरी निवांत असते. मला जो निवांतपणा हवा होता, तो शेवटी तिलाच मिळाला. मधली खोली आम्ही आता कापडं ठेवायला वापरतो आणि सासूबाई रस्त्याकडच्या खोलीत झोपतात. तिथून त्या येणाऱ्याजाणाऱ्यांबद्दल तक्रारी करतात. किनाऱ्यावरही त्यांना सगळं पसंत असतं असं नाही. चहात वाळू असते, अंडी जास्त उकडलेली असतात, माझं घोरणं तर गाडीतही पोचतं.

परवाच्या खेपेला सकाळी त्या म्हणाल्या, "चला, पाण्यात पाय घालू." ओहोटी होती. आम्ही ओल्या वाळूवरून चालत गेलो. पाणी घोट्याला लागलं तसा त्यांनी माझा दंड धरला. घट्ट. मला भरून आलं. इतक्या वर्षांनी सासूबाईंनी जावयाचा आधार घेतला, याबद्दल काहीतरी बोलावंसं वाटलं.

"घाबरू नका, आई," मी म्हणालो, "मी आहे."

"मी नाही घाबरले," त्या म्हणाल्या. "तुम्ही पडाल म्हणून धरलंय."

मी हसलो, त्यांच्याकडे वळलो, तेवढ्यात मागून लाट आली. आणि पडलोच मी. त्या नाही पडल्या. त्यांनी माझा दंड सोडला नव्हता, पण उचललंही नाही. तशाच उभ्या राहून लाट परत जाईपर्यंत ऐकत होत्या.